चाळणी चाचण्यांची पारख : मुंबईच्या पारशी वसाहतींपासून मानवतपर्यंत

मज्जासंस्थेच्या विकारांची मोजदाद हिवताप किंवा क्षय यांच्या मोजदादीपेक्षा नेहमीच अवघड ठरली आहे. हिवतापाचा जंतू रक्ताच्या काचपट्टीवर दिसतो. अपस्मार, कंपवात आणि स्मृतिभ्रंश यांचे निदान मात्र आजही मुख्यतः रुग्णाची व त्याच्या घरच्यांची हकीकत ऐकून आणि त्याला चालताना, बोलताना, हात हलवताना पाहून करावे लागते, आणि असे निदान विश्वासाने करू शकणारे मेंदूविकारतज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांतच असतात. एखाद्या तालुक्यात असे किती रुग्ण आहेत हे जाणून घ्यायचे तर तज्ज्ञाने घरोघर जाणे अशक्य असते, म्हणून काम दोन टप्प्यांत वाटले जाते : आधी थोडे प्रशिक्षण घेतलेला कार्यकर्ता ठरावीक प्रश्न विचारून संशयित वेगळे काढतो, आणि मग तज्ज्ञ फक्त त्या संशयितांना तपासतो. पहिल्या टप्प्यातील या प्रश्नावलीला चाळणी चाचणी म्हणतात. ती कितपत भरवशाची आहे हे ठरवण्याच्या शास्त्राचे वय जेमतेम पाऊणशे वर्षांचे आहे, आणि त्याच्या इतिहासात महाराष्ट्राला ठळक स्थान आहे.

हा इतिहास परभणी जिल्ह्यातील मानवतसारख्या तालुक्याच्या गावाकडे लक्ष ठेवून वाचणे उपयोगाचे ठरते. मानवत ही कापसाची जुनी बाजारपेठ. मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग १९०० साली सुरू झाला आणि त्यावरील मानवत रोड हे स्थानक या पेठेच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. वैद्यकीय शिक्षणाची सोय मराठवाड्यात १९५६ साली औरंगाबादला झाली, त्यानंतर आंबेजोगाई व नांदेड येथे. खुद्द परभणीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यास २०२३ साल उजाडावे लागले. अशा भागात चाळणी चाचणीची गरज सर्वांत जास्त असते, आणि ती चाचणी येथील माणसांवर पारखली जाण्याची शक्यता सर्वांत कमी असते. या विसंगतीची मुळे चाचण्यांच्या जन्मकथेतच सापडतात.

पारखण्याची भाषा क्षयरोगाच्या क्ष-किरण चित्रांतून आली. जेकब येरुशाल्मी या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने १९४७ साली, एकच छातीचे चित्र पाहून निरनिराळे वैद्य निरनिराळे निष्कर्ष का काढतात याचा अभ्यास करताना, दोन मोजमापे वेगळी मांडली. खऱ्या रुग्णांपैकी किती जणांना चाचणी पकडते ते प्रमाण म्हणजे संवेदनशीलता, आणि निरोगी माणसांपैकी किती जणांना ती बरोबर निरोगी म्हणून सोडून देते ते प्रमाण म्हणजे विशिष्टता. ही दोन मापे एकमेकांच्या विरुद्ध ओढ घेतात : प्रश्न सैल ठेवले तर रुग्ण सुटत नाहीत पण निरोगी माणसांचा लोंढा संशयितांत शिरतो, प्रश्न कडक केले तर लोंढा थांबतो आणि त्याबरोबर काही रुग्णही बाहेर राहतात. दोन्ही मापे काढण्यासाठी एक अट मात्र पाळावीच लागते. चाचणीने ज्यांना निरोगी ठरवले त्यांच्यापैकीही काहींना तज्ज्ञाने स्वतः तपासले पाहिजे, नाहीतर सुटलेले रुग्ण कधी दिसतच नाहीत. पुढच्या इतिहासात ही अट वारंवार मोडली गेली.

मेंदूविकारांच्या बाबतीत घरोघर पाहणीची पद्धत अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या कोपाया परगण्यात ब्रूस शोनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस राबवली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली विकसनशील देशांसाठी एक नमुना आराखडा तयार केला. त्यात प्रश्नांबरोबर काही सोप्या कृती होत्या, ज्या वैद्य नसलेल्या कार्यकर्त्यालाही करून घेता येत. नायजेरियातील इग्बो-ओरा या गावी ओसुंटोकुन यांच्या चमूने हा आराखडा सुमारे १९,००० लोकांवर वापरला, आणि तेथे चाचणीची संवेदनशीलता ९५ टक्के व विशिष्टता ८० टक्के नोंदवली गेली. हे आकडे कागदावर उत्तम वाटतात; त्यांचा प्रत्यक्ष अर्थ पुढे पाहू.

याच शोनबर्ग यांच्या सहकार्याने मुंबईत डॉ. एडी भरुचा, डॉ. नादिर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात पारशी समाजाची पाहणी केली. एडी भरुचा हे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील मेंदूविज्ञानाच्या पायाभरणीशी जोडलेले नाव. पारशी समाज निवडण्यामागे विचार होता : तो ठरावीक वसाहतींत एकवटून राहत होता, त्यामुळे प्रत्येक घर गाठणे शक्य होते, शिक्षण जवळपास सार्वत्रिक होते, आणि आजाराला वैद्याकडे नेण्याची सवय होती. १४,०१० व्यक्तींची नोंद झाली. माध्यमिक शाळेपर्यंत शिकलेले समाजकार्यकर्ते प्रश्नावली घेऊन घरोघर गेले आणि ज्यांची उत्तरे संशयास्पद होती त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांनी आधीच ठरवलेल्या निकषांवर तपासले. १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : कंपवाताचे ४६ रुग्ण, म्हणजे दर लाखी ३२८, पक्षाघाताचे प्रमाण दर लाखी ८४२, अपस्माराचे दर हजारी ४.७. प्रत्यक्ष पाहणीपूर्वी प्रश्नावलीची चाचपणी करण्यात आली होती आणि पक्षाघात व कंपवात ओळखण्यात तिची संवेदनशीलता १०० टक्के आढळल्याचे संशोधकांनी नमूद केले. अशी चाचपणी आधी करून मगच पाहणीला बाहेर पडणे ही त्या काळात भारतात नवी शिस्त होती, आणि तिचे श्रेय भरुचा यांच्या चमूला मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

तरीही १०० टक्के हा आकडा जपून वाचायचा असतो. पूर्वचाचपणीसाठी बहुधा आधीच निदान झालेले रुग्ण घेतले जातात, आणि अशा रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांना ‘हात थरथरतो का’ किंवा ‘कधी एक बाजू लुळी पडली होती का’ असे विचारले तर उत्तर चुकण्याचा संभवच कमी असतो, कारण आजाराचे नाव घरात आधीच पोचलेले असते. खरा प्रश्न त्या माणसाचा असतो ज्याचा आजार नुकता सुरू झाला आहे, ज्याचे पाऊल किंचित घासते, चेहऱ्यावरचे हावभाव ओसरले आहेत, आणि घरचे ‘आता वय झाले’ एवढेच म्हणतात. अशा माणसाला मुंबईच्या वसाहतीत कोणीतरी डॉक्टरकडे नेलेले असते. मानवतजवळच्या वाडीत नेलेले नसते. म्हणून एकाच प्रश्नावलीची संवेदनशीलता या दोन ठिकाणी एक राहू शकत नाही.

याची साक्ष दुसऱ्या एका पाहणीशी तुलना केली की मिळते. डॉ. रझदान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली काश्मीरमधील अनंतनागजवळच्या कुठार खोऱ्यात ६३,६४५ लोकांची घरोघर पाहणी केली. कंपवाताचे प्रमाण तेथे दर लाखी सुमारे १४ निघाले. मुंबईच्या पारशांत ३२८ आणि काश्मिरी खेड्यांत १४, म्हणजे तेवीसपट फरक. यातला मोठा भाग वयाचा आहे, कारण पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण फार जास्त आणि ग्रामीण काश्मीरमध्ये मुलांचे. कंपवात हा प्रामुख्याने उतारवयाचा आजार आहे. वंश व पर्यावरण यांचाही काही वाटा असू शकतो. परंतु चाळणीतून किती रुग्ण निसटले हे दोन्ही ठिकाणी एकाच रीतीने मोजलेले नसेल, तर तेवीसपटीतील किती पट आजाराची आणि किती पट चाचणीची, हे कोणालाही सांगता येत नाही. बंगळूर परिसरात डॉ. गौरी देवी यांच्या चमूने एक लाखाहून अधिक लोकांची पाहणी करून २००४ मध्ये सर्व प्रकारच्या मेंदूविकारांचे एकत्रित प्रमाण दर लाखी ३,३५५ असल्याचे प्रसिद्ध केले. भारतातील या क्षेत्रातला तो मोठाच टप्पा होता.

बंगळूरचे हे प्रमाण आणि इग्बो-ओराची मापे एकत्र घेऊन मानवत परिसरातील १०,००० लोकांचा हिशेब मांडला, तर चाळणीचा खरा भार कळतो. यात, हिशेबाच्या सोयीसाठी, ३०० जण मेंदूविकाराचे रुग्ण असतील असे धरू. ९५ टक्के संवेदनशीलतेने त्यांपैकी २८५ पकडले जातील आणि १५ सुटतील. उरलेल्या ९,७०० निरोगी माणसांपैकी ८० टक्के विशिष्टतेमुळे १,९४० जण विनाकारण संशयित ठरतील. म्हणजे तज्ज्ञापुढे २,२२५ माणसे उभी राहतील आणि त्यांत साधारण आठांमागे एकच खरा रुग्ण असेल. संशयित ठरलेल्यांपैकी खरे रुग्ण किती, या प्रमाणाला चाचणीचे भाकितमूल्य म्हणतात, आणि आजार जितका विरळ तितके ते खाली येते, चाचणी तीच असली तरी. रुग्णालयात पारखलेली चाचणी गावात नेली की ती बिघडल्यासारखी भासते त्याचे एक कारण हे साधे गणित आहे. दोन हजारांहून अधिक माणसांना मजुरी बुडवून तपासणीसाठी परभणीला किंवा त्यापुढे पाठवायचे आणि आठांतल्या सात जणांना काही झालेले नाही म्हणून परत पाठवायचे, याची किंमत कोणत्याही शोधनिबंधाच्या तक्त्यात दिसत नाही. ती गावकरी भरतात, आणि पुढच्या वेळी कार्यकर्ता दारात आला की दार लोटून घेतात.

अपस्माराच्या बाबतीत चाचणीच्या अचूकतेवर कायद्याचीही सावली होती, आणि या गोष्टीची चर्चा फारच कमी होते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणारे अपस्माराचे झटके हे विवाहाच्या पात्रतेआड येणारे कारण म्हणून घातले गेले, आणि ते १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आले. भारतातील बहुतेक महत्त्वाच्या घरोघर पाहण्या नेमक्या याच दोन सालांमध्ये पार पडल्या. उपवर मुलीला आकडी येते हे घराबाहेर न सांगण्याची रीत जुनीच होती. आता सांगणे कायद्याच्या दृष्टीनेही धोक्याचे होते. पाहणीत बहुधा घरातला एकच कर्ता माणूस सगळ्यांच्या वतीने उत्तरे देतो, आणि सुनेला किंवा मुलीला फिट येते का या प्रश्नावर तो क्षणभर थांबून ‘नाही’ म्हणतो, तेव्हा चाचणीची संवेदनशीलता तेथेच कमी झालेली असते. प्रश्न कितीही नेमका लिहिला तरी हा दोष प्रश्नावलीतून दुरुस्त होत नाही. त्यासाठी बाईने बाईशी, माजघरात, एकटीने बोलावे लागते.

स्मृतिभ्रंशाच्या चाचण्यांचा इतिहास याहून बोलका आहे. फोल्स्टीन दांपत्य व मॅकह्यू यांनी १९७५ साली अमेरिकेत तयार केलेली तीस गुणांची छोटी परीक्षा जगभर पसरली. तीत तारीख व ठिकाण विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, एक वाक्य लिहायला आणि एक लिखित सूचना वाचून तसे करायला सांगतात, दोन पंचकोनांची आकृती उतरवून घेतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाचे येथे आजाराशिवायच गुण जातात. हरियाणातील बल्लभगढ येथे मेरी गांगुली, विजय चंद्रा आणि त्यांच्या भारतीय-अमेरिकी चमूने १९९० च्या दशकात या परीक्षेचे हिंदी रूप घडवले, आणि ते करताना नुसते भाषांतर केले नाही. वजाबाकीच्या जागी आठवड्याचे वार उलटे म्हणवून घेतले, लिहिण्याच्या जागी घराविषयी एक वाक्य बोलायला सांगितले, वाचण्याच्या जागी तपासनीस डोळे मिटतो तसे मिटायला सांगितले. जोडीला रोजच्या वागण्याची विचारपूस आली : माणूस गावात वाट चुकतो का, दुसऱ्याच्या घरात शिरतो का, होळी-दिवाळीसारखे सण त्याच्या लक्षात राहतात का, घरच्या निर्णयांत भाग घेतो का. ५५ वर्षांवरील ५,१२६ लोकांची पाहणी झाली. त्यांत ७३ टक्के निरक्षर होते आणि ६५ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १.३६ टक्के निघाले.

मुंबईत वास व पिंटो यांच्या चमूने ४० वर्षांवरील २४,४८८ लोकांची तपासणी करून २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६५ वर्षांवरील प्रमाण २.४४ टक्के आढळले. पुढे २०१७ ते २०२० या काळात महाराष्ट्रासह अठरा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय पाहणीवरून ६० वर्षांवरील प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला, आणि शहरांपेक्षा खेड्यांत व पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते जास्त दिसले. दोन दशकांत आजार कित्येक पटींनी वाढला असे या आकड्यांवरून म्हणणे घाईचे आहे, कारण निकष बदलले, चाचण्या बदलल्या आणि पाहणीची जागाही बदलली. उलट खेड्यातील स्त्रियांत दिसलेले जास्त प्रमाण हे अर्धे शिक्षणाच्या अभावाचे तर नाही ना, ही शंका प्रत्येक चाचणीला विचारावीच लागते. ‘दहा-सहासष्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने ती शंका सरळ मोजून पाहिली. भारतासह विविध देशांतील २५ केंद्रांत २,८८५ लोकांवर केलेल्या त्यांच्या अभ्यासात, जो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, स्मृतिभ्रंश असलेल्यांपैकी ९४ टक्के ओळखले गेले. चुकून रुग्ण ठरलेल्यांचे प्रमाण जास्त शिकलेल्यांत ३ टक्के, कमी शिकलेल्यांत ६ टक्के आणि नैराश्य असलेल्यांत १५ टक्के होते. निरोगी पण कमी शिकलेल्या आणि निरोगी पण खिन्न असलेल्या माणसांना मुद्दाम वेगळे घेऊन चाचणी पारखणे हीच या अभ्यासाची खरी कमाई होती.

मानवतच्या वृद्धांचा विचार येथे तपशिलाने करावा लागतो. २००० सालाच्या आसपास सत्तरी गाठलेला येथील माणूस निजामी अमलात वाढलेला होता. त्या काळी संस्थानात वरचे शिक्षण मुख्यतः उर्दूतून होते, आणि सरकारी दफ्तरात आझर, दै, बहमन अशा महिन्यांचे फसली साल चाले. घरात मात्र शालिवाहन शकाचे चैत्र-वैशाख आणि तिथ्या. अशा माणसाला इंग्रजी तारीख विचारली आणि ती सांगता आली नाही, तर त्यावरून त्याच्या स्मृतीविषयी काय ठरते? तोच माणूस पोळा कधी झाला, आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो आणि गेल्या हंगामात कापसाला काय भाव फुटला हे बिनचूक सांगेल. अडत्याच्या काट्यावर वजन आणि भावाचा हिशेब तोंडी जुळवणाऱ्या शेतकऱ्याला कागदावर पंचकोन काढता आला नाही म्हणून त्याचा गुण कापणारी परीक्षा मेंदूची नसून शाळेची परीक्षा होते. बल्लभगढच्या चमूने हरियाणासाठी जे केले ते मराठवाड्यासाठीही तेवढ्याच मेहनतीने करावे लागेल. हिंदी रूप मराठीत उतरवून ते होणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने विविध भारतीय भाषांत पारखलेला बौद्धिक चाचण्यांचा संच तयार केला, तेव्हाही पहिल्या पाच भाषांत हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम होत्या; मराठी नव्हती.

ग्रामीण महाराष्ट्रात हे काम नेटाने होऊ शकते याचा पुरावा गडचिरोलीत आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे यांनी ८६ गावांतील ९४,१५४ लोकसंख्येत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळातील मृत्यूंची कारणे घरच्यांच्या हकिकतीवरून ठरवली. अशा विचारपुशीला मौखिक शवचिकित्सा म्हणतात, आणि तीही एक प्रकारची चाळणीच आहे. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताचे निघाले आणि तो त्या भागातील मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरला. त्याच भागातील ३९ गावांच्या दुसऱ्या पाहणीत जिवंत रुग्णांचे निदान तज्ज्ञाने पक्के केले आणि प्रमाण दर लाखी ३८८ आले. येथे यश मिळाले ते संस्था अनेक वर्षे त्याच गावांत राहिली म्हणून. जन्म-मृत्यूची नोंद चालू होती, कार्यकर्ते गावचेच होते, आणि लकवा हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नव्हता. पक्षाघात अचानक येतो व सर्वांना दिसतो, म्हणून त्याची चाळणी तुलनेने सोपी. गडचिरोलीचे यश कंपवाताला किंवा स्मृतिभ्रंशाला तसेच लागू होईल असे मात्र समजू नये.

मराठवाड्यात अशी पारख करायची झाल्यास कापूस वेचणीचा आणि ऊसतोडीचा हंगाम टाळावा लागेल, कारण तेव्हा अनेक घरांना कुलूप असते किंवा घरी फक्त म्हातारी माणसे उरतात आणि पाहणीतून तरुण रुग्ण नाहीसे होतात. प्रश्न येथल्या बोलीतले, म्हणजे आकडी, फिट, लकवा, हातपाय कापणे या शब्दांतले असावे लागतील. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चाचणीने निरोगी ठरवलेल्यांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काहींना तज्ज्ञाने त्यांच्या घरी जाऊन तपासावे लागेल. खर्च वाचवण्यासाठी हाच भाग बहुधा गाळला जातो आणि त्याच्याशिवाय संवेदनशीलतेचा कोणताही आकडा निराधार राहतो. परभणीला आता स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. मानवत, पाथरी, सेलू या तालुक्यांच्या गावी आशा कार्यकर्त्यांचे जाळे आहे. मराठवाड्यातील वृद्धांसाठी मराठीत पारखलेली चाळणी चाचणी तयार करण्याचे काम त्या महाविद्यालयाने हाती घ्यावे, आणि तिचे निकाल, सुटलेल्या रुग्णांच्या संख्येसह, जसेच्या तसे प्रसिद्ध करावेत.